कचरा जाळलेली राख फुकट मिळतेय, रानात टाकू का?

शिवारातला

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात पंचगंगेच्या अंगाला आमचं थोडं रान आहे. अर्ध्यात ऊस, बाकीच्यात वांगी, मेथी, कोथिंबीर. भाजी पहाटे कोल्हापूरच्या मार्केटात जाते.

गावाबाहेर एका मोकळ्या जागेत वर्षानुवर्षं कचरा जाळला जातोय. घरगुती कचरा असतोच. शिवाय भंगारातल्या वायरी, फुटके टीव्ही, रंग दिलेली जुनी दारं-खिडक्या आणि पाकिटं-पट्टे करणाऱ्यांकडून येणारी चामड्याची कातरण, सगळं एकाच ढिगात. ढीग एकदा पेटला की कित्येक दिवस आतून धुमसत राहतो.

आता पावसाळ्याआधी ती जागा साफ करायचं चाललंय. ट्रॉलीवाला म्हणतो, राख फुकट टाकतो, फक्त डिझेलचं बघा. चुलते म्हणतात, घे, राखेत पोटॅश असतंय, वांग्याला मानवते आणि कीडही कमी येते. माझं मन घेत नाही. पण का नको, असं त्यांनी विचारलं तर मला धड सांगता येत नाही. जे विषारी होतं ते आगीत जळून गेलं असेल ना? जाणकारांनी सांगावं. ट्रॉली दोन-चार दिवसांत येईल.

गूळभेंडी

बिनघोर टाका. आमच्या गुऱ्हाळाच्या चुलवाणातली राख आज्ज्याच्या काळापासनं रानात जातेय. केळीचे घड बघायला या एकदा. आगीतून गेलेल्या वस्तूत रोग नाही, घाण नाही. खताचे आजचे भाव बघता फुकट आलेलं पोटॅश कोण सोडतंय?

रसायन शिकवणारी

शिवारातला दादा, ही ट्रॉली रानात घेऊ नका, ही कळकळीची विनंती. गूळभेंडी दादांची राख वेगळी आणि ही वेगळी. चुलवाणात चिपाड जळतं. उसानं मातीतून जे घेतलं तेच राखेतून मातीत परत जातं, म्हणून केळी चांगली येते. तुमच्या ढिगात काय काय गेलंय ते तुम्हीच लिहिलंय.

आगीत जंतू मरतात. कागद, प्लास्टिक, चामडं यांचे मोठे रेणू तुटतात आणि त्यांचा धूर होतो. पण शिसं, कॅडमियम, पारा, क्रोमियम, आर्सेनिक ही मूलद्रव्यं आहेत. कोणतीही आग त्यांचा अणू मोडू शकत नाही. ढिगात जितके ग्रॅम शिसं होतं तितके ग्रॅम आग विझल्यावरही कुठेतरी असतंच. ते कुठे गेलं आणि कोणत्या रूपात गेलं, एवढंच शोधायचं उरतं.

काही धातू धुरावाटे जातात. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे साध्या शेकोटीतही तो पूर्ण उडून जातो. आर्सेनिकचं ऑक्साइड २०० अंशांच्या आसपासच वाफ व्हायला लागतं. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं, तेवढी उष्णता पेटत्या ढिगाच्या पोटात मिळते. शिशाचं कोडं जरा वेगळं आहे. शुद्ध शिसं ३२७ अंशांना वितळतं पण उकळायला १७४९ अंश लागतात, त्यामुळे ते खाली राखेत राहील असं वाटतं. मात्र ढिगात पीव्हीसीच्या वायरी आहेत. पीव्हीसीच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग क्लोरीन असतो. तापल्यावर हा क्लोरीन सुटतो, शिशाला धरतो आणि शिशाचं क्लोराइड बनतं. ते ९५० अंशांनाच उकळतं आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून थोडं थोडं उडू लागतं. जुन्या वायरींच्या आवरणात शिशाची संयुगं मुद्दाम मिसळलेली असायची, म्हणजे शिसं आणि क्लोरीन एकाच वायरीत शेजारी शेजारी. धुरातून गेलेलं हे शिसं वर जाऊन थंड होतं आणि बारीक धुळीच्या रूपानं आसपासच्या पानांवर, अंगणात, ओढ्यात उतरतं.

जे उडत नाही ते राखेत साठतं. काहिलीत रस आटून गूळ उरतो तसंच समजा, शंभर किलो कचऱ्यातले धातू दहा-पंधरा किलो राखेत येऊन बसतात. कचऱ्यात प्रमाण कमी होतं म्हणून राखेतही कमी असेल, असा हिशेब इथे चालत नाही.

एक विचारायचं आहे. चामड्याची कातरण म्हणजे कोणतं चामडं? कोल्हापुरीचं झाडपाल्यावर कमावलेलं, की पाकिटं-पट्ट्यांचं मऊ, रंगीत चामडं? आणि ढिगावर आणखी काही टाकतात का? चुना वगैरे?

भट्टीवाला

मी शिरोलीला फाउंड्रीत. मॅडमनी सांगितलं ते आमच्याकडं डोळ्यांनी दिसतंय. भंगारात गॅल्व्हनाइज्ड पत्रा चुकून आला की भट्टीवर पांढराशुभ्र धूर उठतोय. ते जस्त. ९०७ अंशाला उकळतंय आणि लोखंड वितळायला १२०० च्या आसपास लागतंय, मग जस्त थांबतंय कशाला? हवेत गेलं की त्याचा ऑक्साइड होतोय. त्यो धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतोय, तोंडात गोड-तुरट चव. दुसऱ्या दिवशी उतरतोय म्हणून कामगार मनावर घेत न्हाईत. कॅडमियमचा धूर असला तर मात्र नुसत्या तापावर भागत न्हाई, फुफ्फुसात पाणी होऊन माणूस जाऊ शकतोय. सुरुवात दोन्हीची सारखीच दिसती, म्हणून ताप आला की धूर कशाचा होता ते डॉक्टरला सांगायचंच.

आणि एक. फाउंड्रीत धुळीवर उतारा म्हणून गूळ खायला देत्यात. गूळ आपलाच हाय, खावा की. पण गुळानं फुफ्फुसात गेलेलं शिसं भाईर येत न्हाई. मास्क आणि धूर ओढणारा पंखा, त्याला दुसरा उपाय न्हाई.

पैंजण

भट्टीवाल्या दादांना अनुमोदन. आमच्याकडे हुपरीला घरोघरी दागिन्यांचं काम. सोन्याच्या कामात जोड द्यायला कॅडमियम वापरायचे, केडीएम म्हणतात ते तेच. कारागिरांच्या छातीवर परिणाम होतो म्हणून आता त्याऐवजी जस्त वगैरे वापरतात. ज्योत मारताना धूर नाकासमोरच असतो. खिडकी उघडी ठेवा, एवढंच मी घरात सगळ्यांना सांगते.

शिवारातला

मॅडम, आज जाऊन बघून आलो. कातरण पाकिटं-पट्ट्यांचीच आहे. मऊ, निळसर करड्या कडा दिसतात, वरून रंग दिलेला. कोल्हापुरीचं जाड चामडं नाही. आणि चुना टाकतात. कुजका वास येऊ नये म्हणून सफाईवाले अधूनमधून ढिगावर चुन्याची भुकटी मारतात, मग पेटवतात. तुम्ही नेमकं चुन्याचंच का विचारलंत?

रसायन शिकवणारी

मला जी भीती होती तेच आहे. जरा सविस्तर लिहिते, या ढिगातलं सगळ्यात महत्त्वाचं इथेच आहे.

कोल्हापुरी चपलेचं चामडं परंपरेनं बाभळीची साल आणि हिरडा यांच्यावर कमावलेलं असतं. त्यात क्रोमियम नसतं. मऊ, कडेला निळसर दिसणारं चामडं क्रोमियम सल्फेटवर कमावलेलं असतं आणि त्यात वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के क्रोमियम असतं. चामड्यात असताना ते क्रोमियम ३ या रूपात असतं. हे रूप पाण्यात फारसं विरघळत नाही, मातीला घट्ट चिकटतं आणि पेशीत सहज शिरत नाही. म्हणून क्रोमच्या चामड्याचा पट्टा आपण वापरू शकतो.

हेच क्रोमियम हवेत तापलं तर ऑक्सिजन घेऊन क्रोमियम ६ होतं, ज्याला हेक्साव्हॅलंट क्रोमियम म्हणतात. सोबत चुना, सोडा किंवा पोटॅश असेल तर हा बदल फार सोपा होतो, कारण तयार होणाऱ्या क्रोमेटला, म्हणजे क्रोमियम ६ आणि ऑक्सिजनच्या जोडीला, धरून ठेवायला कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम हजर असतात. कारखान्यात क्रोमेट बनवण्याची पद्धतही मुळात हीच. क्रोमाइट खनिज दळायचं, सोडा मिसळायचा, मोकळ्या हवेच्या झोतात हजार-अकराशे अंशांना भाजायचं. तुमच्या गावाबाहेर चुना आहे, लाकडाच्या राखेतलं पोटॅश आहे, चामड्यातलं क्रोमियम आहे, दिवसच्या दिवस धुमसणारी आग आहे आणि वाऱ्यानं ऑक्सिजनही मिळतोय. तापमान कारखान्यापेक्षा कमी, म्हणून सगळं क्रोमियम बदलणार नाही. पण काही भाग बदलला तरी पुरे.

क्रोमियम ६ इतकं वाईट का? क्रोमेटचा आकार आणि भार सल्फेटसारखा असतो. पेशीला सल्फेट लागतं, म्हणून सल्फेट आत घेणाऱ्या दारातून क्रोमेटही आत जातं आणि डीएनएची हानी करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवलंय. श्वासातून गेलं तर फुफ्फुसाचा कर्करोग, कातडीला लागलं तर न भरणारे व्रण.

शेतीच्या दृष्टीनं दुसरी गोष्ट. काळ्या मातीच्या कणांवर ऋण भार असतो. शिसं, जस्त, क्रोमियम ३ हे धन भाराचे, माती त्यांना धरून ठेवते. क्रोमेट स्वतःच ऋण भाराचं, माती त्याला धरत नाही. वळवाचा एक पाऊस पडला की ते पाण्याबरोबर खाली निघतं. त्यात राख अल्कधर्मी, तिचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्क मोजायचा आकडा, १० च्या वर सहज जातो. जांभ्याच्या लाल मातीतलं लोह क्रोमेटला थोडंफार धरतं, पण पीएच वाढला की तिची पकडही सुटते. आर्सेनिकचंही तसंच.

दादा, त्या जागेपासून विहीर किती लांब आहे?

शिवारातला

विहीर उतारालाच आहे, हाकेच्या अंतरावर. पिण्याला नाही, पण दोन वस्त्यांची जनावरं तिथलं पाणी पितात. उन्हाळ्यात बायका धुणंही तिथंच करतात.

गूळभेंडी

मॅडम, वाचून पोटात गोळा आला. माझा आधीचा सल्ला चुलवाणाच्या राखेपुरताच धरा. पण एक शंका राहतेच. हे सगळं कागदावरचं रसायन झालं. खरोखर कुठं असं झालेलं आहे का?

रसायन शिकवणारी

रास्त शंका आहे दादा. आपल्याच देशात तमिळनाडूत राणीपेटला क्रोमेटचा एक बंद पडलेला कारखाना आहे. क्रोमाइट भाजून उरलेला लाखाहून अधिक टन कचरा उघड्यावर राहिला आणि भूजल पिवळं झालं. उत्तर प्रदेशात कानपूरच्या बाजूलाही असाच कचरा जमिनीत मुरून हातपंपांच्या पाण्यात उतरला. क्रोमियम भाजून मातीवर टाकलं की काय होतं ते या दोन ठिकाणी दिसतं.

आणि एक उदाहरण आपल्या रोजच्या बघण्यातलं. गवंड्यांच्या हाताला चिरा पडतात, खाज सुटते, कातडी जाड होते. त्याचं एक कारण सिमेंटमधलं क्रोमियम ६. सिमेंटच्या कच्च्या मालात, म्हणजे चुनखडी आणि मातीत, क्रोमियम ३ किंचित असतं. भट्टीत ते चुन्यासोबत १४५० अंशांपर्यंत तापतं आणि त्यातलं काही क्रोमियम ६ होऊन बाहेर पडतं. युरोपात २००५ पासून सिमेंटमधल्या विरघळणाऱ्या क्रोमियम ६ वर दशलक्षात २ भाग इतकी मर्यादा आहे. ती पाळायला बहुतेक ठिकाणी त्यात फेरस सल्फेट मिसळतात, ते क्रोमियमला पुन्हा ३ वर आणतं. गवंड्यांना हातमोजे द्या, हे मी प्रत्येक बांधकामावर सांगत असते. बहुतेक जण हसून सोडून देतात.

भट्टीवाला

मॅडम, मग आमच्यात क्रोमाइट वाळू वापरत्यात मोठ्या कास्टिंगला. लोखंड वर १४०० अंशाचं ओततोय. तिथंबी हेच होत असणार?

रसायन शिकवणारी

फार चांगला प्रश्न. तिथं धोका बराच कमी. साच्यात कोळशाची भुकटी किंवा रेझिन असतं, ते जळताना ऑक्सिजन खाऊन टाकतं आणि आतली हवा ऑक्सिजनविना राहते. शिवाय क्रोमाइटचा स्फटिक घट्ट असतो, त्यातलं क्रोमियम सहज सुटत नाही. म्हणून नुसतं तापमान पाहून निष्कर्ष काढू नये. ऑक्सिजन मिळतो का, सोबत चुना-सोडा-पोटॅश आहे का, ताप किती वेळ टिकतो, हे बघायचं. याच कारणानं क्रोमचं चामडं ऑक्सिजनशिवाय बंद भट्टीत तापवलं तर क्रोमियम बहुतांशी ३ वरच राहतं, उघड्यावर जाळलं तर ६ कडे सरकतं. तरी वापरून टाकलेली वाळू उघड्यावर कचऱ्यासोबत जाळू नका.

सड्यावरची

मी पन्हाळ्याच्या बाजूची. मसाई पठाराकडे आमची गुरं चरतात. दरवर्षी उन्हाळ्यात वणवा लागतो, कोण लावतं ते सांगायला नको. जांभ्यात धातू भरपूर असतात असं ऐकलंय. मग वणव्यानंतर झऱ्याच्या पाण्यातही हे क्रोमियम येणार का? खाली वाडीत तेच पाणी पितात.

रसायन शिकवणारी

ताई, या विषयावर अलीकडे चांगलं काम झालंय. कॅलिफोर्नियात २०१९ आणि २०२० मध्ये मोठे वणवे लागले. तिथल्या उत्तर किनाऱ्याच्या डोंगररांगेत सर्पेंटाइन नावाचा खडक आहे, त्यात निसर्गतःच क्रोमियम भरपूर. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी जळालेल्या आणि न जळालेल्या जागांची माती तपासली आणि ते काम २०२३ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलं. जिथं खडकात क्रोमियम होतं आणि दाट काटेरी झुडपं जळून आग कडक झाली होती, तिथं मातीच्या वरच्या थरात आणि राखेत क्रोमियम ६ सापडलं, तेही आगीनंतर कित्येक महिन्यांनी. गवताळ भागात तसं आढळलं नाही, कारण गवत भुर्रकन जळतं, माती तापायला वेळच मिळत नाही.

सड्यावरचा वणवा बहुतेक गवताचा असतो. बेसाल्टपासून झालेल्या जांभ्यात क्रोमियम असतं, पण त्या सर्पेंटाइनइतकं नाही आणि ते लोहाच्या ऑक्साइडांत अडकलेलं असतं. त्यामुळे नुसतं गवत जळून झरा बिघडेल असं मला वाटत नाही. जिथं करवंदीच्या जाळ्या, वाळलेली झाडं, बुंधे रात्रभर धुमसतात, तिथली माती बघा. ती विटेसारखी लाल झालेली दिसेल. मातीतलं पिवळसर तपकिरी गोएथाइट ३०० अंशांच्या सुमारास पाणी सोडून लाल हेमाटाइट होतं, त्याचा तो रंग. लाल डाग म्हणजे तिथं आग बराच वेळ टिकली. अशा जागेची राख झऱ्याच्या तोंडाशी असेल तर पहिल्या पावसाआधी बाजूला करून ठेवा. वणवा न लावणं हेच खरं, पण त्याची कारणं गवत, पक्षी आणि मातीची धूप यांच्याशी जास्त जोडलेली आहेत.

ऊसकरी

पाचट जाळल्यावर पण असंच का? आमच्या पट्ट्यात अजून निम्मे लोक पेटवतात.

रसायन शिकवणारी

पाचटात बाहेरून धातू आलेले नसतात. जाळ मोठा दिसला तरी काही मिनिटांत संपतो. मातीत ओल असली की ती आटेपर्यंत तापमान शंभर अंशांच्या वर जातच नाही, दोन-तीन बोटं खाली तर फारसा ताप पोचत नाही. विषारी धातूंपुरती इथं मोठी चिंता नको. पाचट कुजवा, कारण सेंद्रिय कर्ब जळून जातो आणि मातीतल्या धातूंना बांधून ठेवणारा तोच असतो.

मिसळकट्टा

मला एक मार्ग दिसतो. ही राख वीटभट्टीला द्या. विटेत भाजली की धातू आतच बंद होतील. काचेत बंद करतात तसं ऐकलंय.

रसायन शिकवणारी

अर्धं बरोबर आहे. वाळू आणि सिलिका भरपूर असताना १००० अंशांच्या वर नेऊन काचेसारखं वितळवलं तर शिसं, जस्त यांचा बराच भाग खरंच कोंडला जातो. जगात घातक राखेवर तसे उपाय होतात. पण तिथं धूर धुऊन, गाळून मगच बाहेर सोडतात. आपल्या वीटभट्टीला गाळणी नाही. पुन्हा तापवल्यावर कॅडमियम आणि शिशाचं क्लोराइड आधी उडून शेजारच्या रानावर पडेल. आणि चुना व क्रोमियम असलेली राख हवेत भाजली तर विटेतही क्रोमियम ६ वाढू शकतं. अशा विटा पावसात भिजल्या की ते पाण्याबरोबर बाहेर येऊ शकतं. भट्टीवर मातीत राबणाऱ्या बायका आणि लेकरं पहिली भोगणार. नको.

कचऱ्यापासून वीज बनवणाऱ्या मोठ्या भट्ट्यांतसुद्धा खालची जड राख आणि धुरातून पकडलेली बारीक राख वेगवेगळी ठेवतात. क्रोमियम, निकेल खाली राहतात, कॅडमियम, शिसं, जस्त बारीक राखेत जमतात आणि पाऱ्यासाठी सक्रिय कोळसा फवारावा लागतो. उघड्या ढिगात यातलं काहीच वेगळं होत नाही.

घरचं लोणचं

मी कधी लिहीत नाही, वाचते फक्त. आमच्या सासूबाई अजून राखेनं भांडी घासतात. बंबात जे हाती येईल ते जाळतात, जुनी रंगवलेली फळकुटं, प्लायवूड, कधी पिशव्या. ती राख चालेल का? घरात दोन वर्षांचं बाळ आहे, ते राखेत हात घालतं.

रसायन शिकवणारी

ताई, साध्या लाकडाची, शेणीची राख चालते. रंगवलेल्या लाकडाची नको. जुन्या तैलरंगांत, खासकरून पिवळ्या, केशरी आणि हिरव्या, लेड क्रोमेट असायचं, म्हणजे शिसं आणि क्रोमियम ६ दोन्ही. भारतात घरगुती रंगांतलं शिसं दशलक्षात ९० भागांपर्यंत आणण्याचा नियम २०१६ सालचा. त्याआधीच्या दारं-खिडक्यांवर शिशाचा रंग असेलच असं समजून चाला. लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. बाळाचा हात राखेतून तोंडात जातो, म्हणून बंबात फळकुटं टाकणं आजच थांबवा आणि आतली राख ओली करून काढा. सासूबाईंना बाळाचं कारण सांगा, त्या नक्की ऐकतील. हिरवट छटेचं, वाळवी लागू नये म्हणून औषध भरलेलं लाकूड मिळालं तर तेही नको, त्यात आर्सेनिक असू शकतं.

पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला १५ एप्रिल २०१९ ला आग लागली तेव्हा छपरावर आणि मनोऱ्यावर शेकडो टन शिसं होतं. त्यानंतर आसपासच्या शाळांची अंगणं धुऊन काढावी लागली. आग विझली म्हणजे धोका संपला असं धरून चालत नाही.

शिवारातला

ट्रॉलीवाल्याला नाही म्हणून सांगितलं. चुलत्यांना मॅडमचं चामड्याचं उत्तर वाचून दाखवलं. ते गप्प बसले, मग म्हणाले, विहिरीचं काय ते आधी बघ. आता सांगा, ढिगाचं काय करायचं? पावसाला फार दिवस राहिले नाहीत. आणि २०१९ आणि २०२१ ला पुराचं पाणी त्या जागेपर्यंत आलं होतं.

रसायन शिकवणारी

पूर येणारी जागा असेल तर घाई करायलाच हवी.

पहिलं, ढिगावर जाड ताडपत्री टाका आणि वरच्या अंगाला चर काढा, म्हणजे पावसाचं पाणी राखेतून जाणार नाही. हलवताना राख कोरडी उडवू नका. पाण्याचा हलका शिडकावा द्या, ओघळ होईल इतकं ओतू नका. एन-९५ मास्क आणि रबरी हातमोजे घाला, अंगावरचे कपडे वेगळे धुवा. लेकरांना लांब ठेवा.

दुसरं, विहिरीचं पाणी तपासेपर्यंत जनावरांना पाजू नका. उकळून देऊ असं कुणी म्हणेल. उकळल्यानं जंतू मरतात, क्रोमियम आणि शिसं जात नाही, उलट पाणी आटल्यानं प्रमाण वाढतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, शिसं आणि आर्सेनिक प्रत्येकी ०.०१, कॅडमियम ०.००३, पारा ०.००१. इतकं कमी प्रमाण डोळ्याला दिसत नाही. पाणी स्वच्छ दिसतं यावर विसंबू नका.

माती परीक्षणाची पत्रिका आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब असे १२ घटक असतात. त्यात शिसं नाही, क्रोमियम नाही, कॅडमियम नाही. मान्यताप्राप्त खासगी किंवा सरकारी प्रयोगशाळेत वेगळी चाचणी मागावी लागते.

भट्टीवाला

आणि शेणखत टाकलं तर? आमचं म्हातारं म्हणायचं, जमिनीला काय बी झालं तर शेण घाला.

रसायन शिकवणारी

त्यात तथ्य आहे. सेंद्रिय पदार्थ क्रोमियम ६ ला इलेक्ट्रॉन देतात आणि ते परत क्रोमियम ३ होतं. ढीग हलवल्यावर खालच्या मातीत भरपूर कुजलेलं शेणखत मिसळून ओलसर ठेवलं तर महिन्यांत फरक पडतो, थोडं फेरस सल्फेट दिलं तर लवकर. पण याला दोन मर्यादा आहेत. माती अल्कधर्मी असेल तर हे फार सावकाश होतं. आणि शिसं, कॅडमियम यानं कमी होत नाहीत. म्हणून शेणखत हा त्या जागेच्या दुरुस्तीचा उपाय आहे, राख रानात पसरायची परवानगी नाही.

मिसळकट्टा

जाळणाऱ्यांवर कारवाई का नको? २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळायला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळला तर २५ हजार दंड सांगितलाय.

शिवारातला

दंडाचं ठाऊक आहे, ग्रामसभेत मांडणार आहे. पण वायरी जाळणारी माणसं आमच्याच गावची आहेत, पोटासाठी करतात. धूर सगळ्यात आधी त्यांच्याच लेकरांच्या छातीत जातोय. त्यांना शत्रू करून हे थांबणार नाही.

भट्टीवाला

बरोबर बोललास भावा. त्यांना एक गोष्ट सांग. जाळलेलं तांबं काळं पडतंय, भंगारात त्याला भाव कमी. वायर सोलून काढलेलं लखलखीत तांबं जास्त दरानं जातंय. हातानं फिरवायचं वायर सोलायचं मशीन मिळतंय, गटानं मिळून एक घेतलं तर परवडतंय. मी ओळखीच्या भंगारवाल्याला विचारून सांगतो. चामड्याची कातरण मात्र देणाऱ्याकडंच अडवायला पायजे. त्यांनी क्रोमचं आणि झाडपाल्यावरचं वेगळं बांधून दिलं तर निम्मं काम झालं.

शिवारातला

हे पटलं. सरपंचांशी बोललो, ताडपत्री पंचायत देतेय. नमुने उद्या सकाळी घेतो. मॅडम, प्रयोगशाळेत नेमकं काय मागू? आणि नमुना कशात घेऊ?

रसायन शिकवणारी

राख, ढिगाखालची माती आणि विहिरीचं पाणी, तिन्ही वेगवेगळे द्या. ढिगाच्या एका जागेची मूठभर राख नको, पाच-सहा ठिकाणची, वरची आणि आतली मिसळून घ्या. लोखंडी फावडं-घमेलं नको, प्लास्टिकचा डबा आणि प्लास्टिकचा चमचा वापरा. माती नेहमीच्या चाचणीला देतो तशी उन्हात वाळवत ठेवू नका, झाकण घट्ट लावून त्याच दिवशी पोचवा. पाण्याची बाटली नवी घ्या, विहिरीच्याच पाण्यानं दोनदा विसळून काठोकाठ भरा आणि बर्फाच्या डब्यात न्या.

अर्जात एकूण क्रोमियम आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम असं दोन्ही वेगळं लिहा, शिवाय शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि पीएच. नुसतं क्रोमियम लिहिलंत तर नमुना आम्लात उकळून एकूण आकडा देतील, त्यावरून कोणतं रूप आहे ते कळणार नाही. हेक्साव्हॅलंटसाठी राख आणि माती अल्कधर्मी द्रावणात काढून मग डायफेनिलकार्बाझाइड नावाच्या रसायनानं येणाऱ्या जांभळट गुलाबी रंगावर मोजतात. तुम्ही करून देता का, हे फोनवर आधीच विचारा, कारण सगळ्या प्रयोगशाळा करत नाहीत. नाही म्हणाले तर मला निरोपातून कळवा, आमच्या कॉलेजात पाण्याची प्राथमिक चाचणी तरी मी करून देईन.